दहा मिनिटांची हाक

आधीच सांगून टाकतो, मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. असूया म्हणा, मत्सर म्हणा, पोटदुखी म्हणा. अकरा वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं, आणि त्यातले फार थोडे दिवस असे गेले असतील की संध्याकाळी तळेगावला घरी येऊन मी बायकोसमोर त्याच्या नावानं बोटं मोडली नाहीत. समोर मी त्याला भाऊ म्हणायचो, अहो-जाहो करायचो. मनात कायम अरे-तुरे. इथं मनातलंच लिहितो, उगाच सोवळं कशाला नेसू.

आमचं वर्कशॉप संरक्षण खात्याचं. नाव सांगत नाही. लष्कराची बोलायची साधनं आमच्याकडे दुरुस्तीला यायची. रेडिओ सेट असायचे, केबल असायची आणि ढिगानं ते जुने फील्ड टेलिफोन. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कॅनव्हासच्या पिशवीत बसणारा एक जड डबा, वर रिसीव्हर, बाजूला हँडल. हँडल गरागरा फिरवलं की तारेच्या दुसऱ्या टोकाला घंटी वाजते. एवढंच. नंबर नाही, स्क्रीन नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, असल्या डब्याला हात लावायचीही मला लाज वाटायची. भाऊ त्या डब्यांचा कारागीर. परंदवडीच्या शेतकरी घरातला, दहावीला गणितानं दोनदा आपटलेला, आयटीआय करून चिकटलेला. हुद्द्यानं मी त्याच्यापेक्षा तीन पायऱ्या वर. तरी कुठलाही नवा कॅप्टन जीपमधून उतरला की पहिला प्रश्न, "भाऊ किधर है?" माझ्या केबिनच्या दारावर माझ्या नावाची पितळी पाटी होती. त्या पाटीसमोरून लोक भाऊला शोधत जायचे.

त्याचं ध्यान बघितलं असतंत तर तुम्हीही म्हणाला असतात, याच्यात आहे काय. मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. त्याच्या खिशात पक्कड, चिंधी आणि शेंगदाणे. सेल तपासायचा तर मीटर बाजूला सारून दोन तारा जिभेला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हाय अजून. दोन आठवडं जाईल." तो गेला की मी गुपचूप मीटर लावून बघायचो. बरोबर निघायचं. माझ्या जिभेला मात्र नुसता आंबट झटका बसायचा, त्यातलं एक अक्षर कळायचं नाही.

त्याच्या घरी प्रत्येक वस्तू दोन होत्या. दोन मिक्सर, दोन शेगड्या, विहिरीवर दोन मोटरी. त्याची बायको म्हणायची, "भंगारवाला दारावरनं जाताना माझ्याकडं बघून हसतो." कारण असं की भाऊ नवं आणायला सगळ्यांच्या आधी, पण जुनं काढायला सगळ्यांच्या शेवटी. आमच्या वर्कशॉपमध्ये विजेवरची स्कूटर पहिली त्यानं घेतली. चहावाल्याला मोबाइलवरून पैसे द्यायला मला त्यानं शिकवलं, आणि तेही चार लोकांत, त्याचा मला आणखी राग. पण ती स्कूटर घेतल्यावर त्याची जुनी सायकल वर्षभर ओसरीतल्या खुंटीला टांगलेली, चाकांत हवा भरलेली, साखळीला तेल दिलेलं. मी एकदा विचारलं, "भाऊ, स्कूटर आहे ना, मग ही कशाला?"

"आमचा बा म्हनायचा, नवा बैल चिखलनीत हुबा ऱ्हाईस्तवर जुन्याला बाजार दावायचा न्हाई."

भाताच्या खाचरात लावणीआधी चिखल करतात ती चिखलणी. मावळात बैलाची खरी परीक्षा तिथं होते. सुक्या वावरात कुठलाही बैल ऐटीत चालतो. भाऊचा बाप म्हणे नवा बैल घेतला तरी जुना एक पावसाळा दावणीला ठेवायचा, मग त्याच्या वैरणीचा कितीही बोजा पडो. भाऊनं तो नियम सगळ्या जगाला लावला होता. "एक पावसाळा काढू द्या," हे त्याचं पालुपद. नवा शर्ट घेतला तरी म्हणायचा. पोरीला स्थळ आलं तेव्हाही म्हणाला, आणि पाव्हणे थांबलेसुद्धा.

कवळीचा किस्सा तर अख्ख्या लष्करी स्टेशनात गाजला. तपासणीला ब्रिगेडियर आले होते. मी आठवडाभर जागून तक्ते केले होते, गळ्याला फास लागेल इतका टाय आवळला होता. भाऊ आपल्या टेबलाशी उभा राहून साहेबांना टेलिफोनचं आतडं उघडून दाखवत होता. मधेच थांबला. पाठ फिरवली, तोंडातली कवळी काढली, स्वेटरच्या खिशातून चिंधीत गुंडाळलेली दुसरी काढून बसवली, पुन्हा वळला आणि म्हणाला, "हां, तो साहेब." ब्रिगेडियर म्हणाले, ये क्या था? भाऊ शांतपणे म्हणाला, "नयी ट्रेनिंग पे है साहेब. ड्यूटी पे पुरानीच." साहेब इतके हसले की टोपी काढून हातात घेतली. जेवणाच्या वेळी मी त्यांच्या शेजारी होतो. माझं नाव मी त्यांना तीनदा सांगितलं. जाताना ते मला म्हणाले, दातवाल्याची काळजी घ्या.

आता हँडलबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्या टेलिफोनचं हँडल फिरवताना हाताला वजन लागतं. पलीकडे लाइन धड असेल तर एक वजन. तार कुठं तुटली असेल तर हँडल हलकं फिरतं. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर ते जड होतं. भाऊला नुसत्या हातानं कळायचं. "ह्यो मरताना सांगून मरतो," असं तो त्या डब्याबद्दल म्हणायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनला गेल्यावर मी त्याच्या टेबलाशी गेलो आणि एकामागून एक सहा फोनांची हँडलं फिरवली. मला सगळी सारखीच लागली. मागं पाहतो तर दारात भाऊ, शेंगदाणे खात उभा. पुढं आला, एका फोनची एक तार सैल केली आणि म्हणाला, "आता फिरवा." मी म्हणालो, "मी धूळ बघत होतो." आणि निघून आलो. त्या दिवशी दोन मिनिटं थांबून शिकलो असतो तर माझं काय जात होतं. पण नाही थांबलो.

हे फोन सगळ्यात जास्त वापरात होते ते आमच्या फायरिंग रेंजवर. डोंगरांच्या कुशीत लांबलचक माळ, तिथं जवान तोफगोळ्यांचा सराव करायचे. चार टेकाडांवर चार पोस्ट. प्रत्येकीवर एक चौकीदार, लाल निशाण आणि फोन. आसपासच्या गावांतली माणसं रेंजमध्ये शिरतात, कुणी म्हैस शोधायला, कुणी रानभाजीला. बोर्ड लावा, दवंडी द्या, माणसं शिरतात. चौकीदाराला कुणी दिसलं की त्यानं कंट्रोलच्या खोलीत सांगायचं आणि फायरिंग त्या क्षणी थांबायचं. म्हणजे त्या तारेवर माणसांचे जीव होते. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

फायरिंगच्या दिवशी भाऊ कंट्रोलमध्ये, चारही पोस्टच्या तारा जिथं यायच्या त्या स्विचबोर्डवर बसायचा. तिथं त्यानं एक प्रथा पाडली होती. दर दहा मिनिटांनी प्रत्येक पोस्टनं हाक द्यायची, आणि नुसतं "ऑल क्लिअर" म्हटलेलं तो ऐकून घ्यायचा नाही. "त्ये तर पोपट पन म्हनंल," म्हणायचा. चौकीदारानं समोर काय दिसतंय ते सांगायचं, आणि मागच्या वेळी सांगितलं ते पुन्हा नाही. त्यामुळे तिथं असं चालायचं: "दोन घारी वर, वढ्याला पानी, ऑल क्लिअर." "वारं फिरलंय, माझी भाकर झाली, ऑल क्लिअर." एखादी हाक अर्धा मिनिट जरी चुकली तरी भाऊ हात वर करायचा आणि कॅप्टन फायरिंग थांबवायचा. कॅप्टन थांबवायचा, लक्षात घ्या. दहावी नापास माणसानं हात वर केला की तोफा गप्प. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रात्री नीट झोप लागली नव्हती.

मग नवे सेट आले. हातात मावणारे डिजिटल सेट, त्यांचा आवाज पुढं पोचवायला टेकडीवर एक रिपीटर, कंट्रोलमध्ये स्क्रीन. निवड समितीवर मी होतो, आणि खरं सांगतो, निवड चांगली होती. तारेची कटकट मी खोटी सांगत नव्हतो. उंदीर कुरतडायचे, शेळ्या पाय अडकवून तोडायच्या, गुराखी कापून त्याची दावी करायचे. भाऊ दर पावसाळ्यात गुडघाभर चिखलात केबल जोडत फिरायचा. नव्या सेटचा आवाज स्वच्छ, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सेट चालू असेपर्यंत त्याची खूण स्क्रीनवर आपोआप दिसायची. चार पोस्ट, चार हिरवे ठिपके. मी अहवालात लिहिलं, यापुढे दर दहा मिनिटांनी हाक देण्याची गरज नाही, पोस्टची स्थिती अखंड दिसते. ते वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. तांत्रिक कारणासाठी नव्हे. हाक नाही म्हणजे स्विचबोर्ड नाही, आणि स्विचबोर्ड नाही म्हणजे भाऊ नाही.

चाचणी मी दिवाळीनंतर घेतली. आठ दिवस, निरभ्र आकाश, एक शब्द हुकला नाही. अहवाल घेऊन कमांडंट साहेबांकडे गेलो. त्यांनी पानं चाळली, शाबासकी दिली आणि पेन हातात घेऊन म्हणाले, "भाऊ से भी एक बार पूछ लो."

माझ्या कानशिलाला आग लागली. मी इंजिनिअर, अहवाल माझा, चाचणी माझी, आणि शिक्कामोर्तब त्या स्वेटरवाल्याचं? पण हुकूम तो हुकूम. मी भाऊला विचारलं. तो म्हणाला, "तोंडी नको, लिहून देतो." दुसऱ्या दिवशी त्यानं वहीचा कागद घडी करून, कडेला स्टेपलरची पिन मारून माझ्या हातात दिला. पिन मारलेली बघूनच मी समजलो. तक्रार असणार. पावसाळ्याचं पालुपद असणार, इंजिनिअर लोकांना टोमणे असणार. मी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि साहेबांना जाऊन सांगितलं, "भाऊ को कोई एतराज नहीं, सर."

तार काढायचं काम भाऊलाच लागलं. आठवडाभर तो टेकाडं उतरत-चढत केबल गुंडाळत होता. केबलचे ड्रम जमा करायला आला तेव्हा दारात उभा राहून त्यानं विचारलं, "साहेब, कागद वाचला का?"

"वाचला," मी म्हणालो.

"मंग ठीक," म्हणाला आणि गेला. त्यानंतर फायरिंगच्या दिवशी त्याचं रेंजवर कामच उरलं नाही. तो वर्कशॉपमध्ये असायचा आणि कंट्रोलमध्ये स्क्रीनपुढे मी असायचो. आठ-नऊ महिने मी फार सुखात काढले. कॅप्टन मला विचारायचे, मी ठिपके दाखवायचो.

श्रावणातली गोष्ट. चार दिवस धुकं आणि पाऊस एकत्र कोसळत होता. पाचव्या दिवशी दुपारी ढग वर गेले, समोरचं स्वच्छ दिसायला लागलं आणि सराव सुरू झाला. तिसऱ्या पोस्टवर तिकोना पेठेचा एक चौकीदार होता. वय तिशीच्या आत, अंगानं काटक, नुकताच बाप झालेला. त्याला खालच्या ओढ्याकाठी दोन बाया टोपल्या घेऊन रानभाजी खुडताना दिसल्या. त्यानं सेटचं बटण दाबलं आणि सांगितलं. सेटवर हिरवा दिवा होता. पुन्हा सांगितलं. पाच वेळा सांगितलं, असं तो नंतर म्हणाला. बटणाखालच्या रबरात चार दिवसांचं पाणी मुरलं होतं. सेट चालू होता, खूण जात होती, फक्त आवाज जात नव्हता. आणि ते त्याला कळायला काही मार्ग नव्हता, कारण हातात दिवा हिरवाच होता.

मला कळायला मार्ग होता. दहा मिनिटांनी हाक आली नाही, एवढ्यानंच कळलं असतं.

मी स्क्रीनपुढे चहा पीत होतो. "ऑल ग्रीन, सर," असं मी कॅप्टनला नुकतंच सांगितलं होतं. तिकडे त्या माणसानं सेट फेकला, लाल निशाण उपटलं आणि ते नाचवत, ओरडत टेकाडावरून सरळ खाली धावत सुटला. बायांनी त्याला पाहिलं आणि उलट्या पळाल्या, दोघी वाचल्या. कॅप्टनला दुर्बिणीतून निशाण दिसलं आणि त्यानं फायरिंग थांबवलं, पण आधी निघालेला एक गोळा पडायचा तो पडलाच. चौकीदाराच्या उजव्या पायात तुकडा घुसला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. स्ट्रेचर कंट्रोलसमोरून नेलं तेव्हाही माझ्या स्क्रीनवर तिसरा ठिपका हिरवाच होता.

चौकशी बसली. बाहेरून एक कर्नल आले. मला विचारलं, मी अहवाल दाखवला, चाचणीचे आकडे दाखवले. मग भाऊला बोलावलं. स्वेटर, शेंगदाणे, सगळं तसंच. कर्नलनी विचारलं, तार काढायला तुमचा काही विरोध होता का?

"लिख के दिया था, साहेब."

"किसको?"

"इनको. इन्होंने पढ़ा है." आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला सावरून घेतल्यासारखी. तोपर्यंत त्याला वाटत होतं की मी वाचलंय, आणि वरच्यांनी ऐकलं नसेल.

कर्नल म्हणाले, कागद आणा. मी गेलो, ड्रॉवर उघडला, कागद आणला. टेबलावर ठेवताना भाऊची नजर त्या पिनवर गेली. पिन जशी त्यानं मारली होती तशीच होती. त्याचं तोंड मी त्या क्षणी पाहिलं. पुन्हा पाहावंसं वाटत नाही.

"मराठी है. आप पढ़िए, और हिंदी में बताइए," कर्नल मला म्हणाले. मी नखानं पिन काढली. वाचायला लागलो.

"साहेबांस नमस्कार. नवे सेट मी दोन दिवस घरी नेऊन पाहिले. आवाज लई स्वच्छ. साहेबांनी निवड उत्तम केली आहे. एवढं डोकं आपल्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्या कुणाला नाही, हे मी मागेच बोलणार होतो, पण तोंडावर बोलायला अवघड वाटतं. सेट घ्यावेत. तार काढायची तर काढावी, जमल्यास एक पावसाळा ठेवावी, नाही जमलं तरी चालेल. पण दहा मिनिटांची हाक बंद करू नये. ठिपका मशीनचा आहे. माणसाचं काय ते माणसालाच विचारावं लागतं. बटणाचं रबर मला पातळ वाटतं, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवून देतो, परवानगी असावी. चूक असेल तर माफी."

मी हिंदी केलं. "एवढं डोकं दुसऱ्या कुणाला नाही" या वाक्याचं हिंदी मला जमेना. कर्नल म्हणाले, वो छोड़िए, आगे. अकरा वर्षं ज्या एका वाक्यासाठी मी आतून जळत होतो ते माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून होतं, आणि ते पहिल्यांदा मी भरल्या खोलीत, माझ्याच तोंडानं, माझ्या विरुद्धचा पुरावा म्हणून वाचलं. मला रडू आलं. लपवलं नाही, लपवण्यासारखं नव्हतंच.

मला व्हायची ती शिक्षा झाली. वेतनवाढ थांबली, केबिन गेली, स्टोअरमध्ये बदली झाली. नवे सेट राहिले, आजही आहेत, उत्तम चालतात. त्यांच्या बटणांवर काळ्या ट्यूबचे तुकडे आहेत आणि दर दहा मिनिटांनी हाक येते. भाऊ पुन्हा कंट्रोलमध्ये बसायला लागला. माझ्याशी मात्र त्यानं बोलणं टाकलं. जो माणूस गंजलेल्या स्क्रूशी गप्पा मारायचा तो माझ्यासमोरून मुका जायचा. कॅन्टीनमध्ये शेंगदाणे सगळ्यांना वाटायचा, माझं टेबल सोडून. तुम्हाला हसू येईल, पण मला त्या शेंगदाण्यांचाही हेवा वाटला. ज्यांना मिळायचे त्यांचा.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या महिन्यात मी त्याला सोमाटण्याच्या फाट्यावर गाठलं. स्कूटर आडवी घालून म्हणालो, "भाऊ, माफ करा मला."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. किती दिवसांनी पाहत होता. "माझं दोन्ही पाय शाबूत हायेत," तो म्हणाला. "माझ्याकडं काय मागताय?" आणि गेला.

तरी मला तिकोना पेठेला जायला वर्ष लागलं. गडाच्या पायथ्याशी त्या चौकीदाराचं घर आहे. आता तो दारातच गडावर येणाऱ्या पोराटोरांना लिंबू सरबत, पिठलं-भाकरी विकतो. मला त्यानं लगेच ओळखलं. "या साहेब, बसा," म्हणून खुर्ची पुसली. नकली पाय लावून तो बऱ्यापैकी चालत होता. पायाचा पट्टा नवा दिसला, हातानं शिवलेला, टाके एकसारखे. बायको कौतुकानं म्हणाली, "भाऊंनी दिलाय शिवून. आधीचा लय काचायचा. दर आयतवारी येत्यात, बघत्यात, सैल झाला का म्हून." त्याची लेक अंगणात खेळत होती, तिच्या हातात शेंगदाणे. काय सांगू, तिथंसुद्धा, त्या पायासमोर बसूनसुद्धा, माझ्या छातीत ते जुनं चावलंच. हा माणूस इथंही माझ्या आधी पोचला होता.

मग मी सगळं सांगितलं. भाऊनं कागद दिला होता. हाक बंद करू नका असं त्यात होतं. मी तो उघडला नाही. साहेबांना खोटं सांगितलं आणि भाऊलाही सांगितलं की वाचला. का, तेही सांगितलं. त्याचा मला हेवा वाटायचा म्हणून. हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर उच्चारले.

तो लिंबं कापत होता. सुरी थांबली नाही. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यानं सरबत दिलं, सुट्टे दिले. मला वाटलं, त्यानं ऐकलंच नाही की काय.

"भाऊ कदी काय बोलले न्हाईत यातलं," तो शेवटी म्हणाला. मग विचारलं, "लय मोटा व्हता का कागद?"

"नाही."

"किती?"

"पाऊण पान," मी म्हणालो.

त्यानं सुरी खाली ठेवली. बायकोकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं नाही.

"पाऊण पान," तो म्हणाला. "मंग वाचायचा की, साहेब."